गणूचा काटा आणि मुंबईची सुई

उजाडता उजाडता बोट रत्नागिरीच्या बंदराबाहेर नांगरली, तेव्हा माझ्या पोटात काही म्हणजे काही शिल्लक राहिले नव्हते. सारा प्रवास मी कठडा धरून काढला होता. एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने ग्रामोफोनच्या तबकड्यांची पेटी. शेजारचा एक चाकरमानी म्हणाला, "पेटी खाली ठेवा की, कुठं पळून जाते?" मी त्याच्याकडे असे पाहिले की बिचारा आपले गाठोडे उचलून पलीकडे सरकला. पेटीत माझ्या निवडक बारा तबकड्या होत्या आणि त्या वेळी मला माणसांपेक्षा त्यांचीच अधिक काळजी होती.

धक्क्यापर्यंत बोट जात नाही. माणसे पडावात (किनाऱ्यावर नेणारी मोठी होडी) उतरवतात. खलाशाने माझी पेटी भोपळा झेलावा तशी झेलली आणि माझी बोबडीच वळली. पडाव वाळूला लागला, एक लाट आली आणि मी कमरेपर्यंत भिजलो. पेटी कोरडी राहिली. रत्नागिरीच्या भूमीवर मी असा ओल्या धोतराने पाय ठेवला.

आता मी कशासाठी आलो होतो ते सांगतो. मी मुंबईत एका कचेरीत कारकून आहे आणि मला ग्रामोफोनचे वेड आहे. आमची गिरगावात सहा-सात जणांची मंडळी आहे. कोणी नवी तबकडी आणली की बाकीच्यांनी नाक मुरडायचे आणि मग महिनाभर तीच मागून न्यायची, असा आमचा परिपाठ. याच मासिकात वाचकांच्या पत्रांत मी सुयांविषयी काही लिहिले होते. ते वाचून रत्नागिरीजवळच्या पावस गावच्या तात्यांचे मला पत्र आले. तात्या म्हणजे बोटीवरच्या इंजिनखान्यात पंचवीस वर्षे काढून घरी परतलेला माणूस. त्यांनी लिहिले होते की राजापूरकडच्या एका जुन्या गायिकेची एकच तबकडी निघाली होती आणि ती आपल्यापाशी आहे. त्या तबकडीसाठी मी मुंबईतले एकही दुकान सोडले नव्हते. रजा टाकली आणि निघालो.

भाट्याची खाडी तरीतून (खाडीपार नेणारी नाव) ओलांडली. पलीकडे बैलगाडी घेऊन एक काळासावळा, चाळिशीतला माणूस उभा होता.

"पावसचे पाव्हणे ना तुमी? मी गणू. तात्यांनी धाडलानी."

गाडी चढावर लागली. वर सडा (कातळाचे उघडे पठार) आणि खाली उतारावर कलमांच्या बागा. मोहोर गळून बारीक कैऱ्या धरल्या होत्या. गणू वाटभर माझ्या पेटीकडे वळून वळून पाहत होता. शेवटी त्याने विचारलेच, "यात बाईमाणसाचं गाणं किती नि पुरुषाचं किती?" मी सांगितले. तो म्हणाला, "मना सनई आवडते. सनई हाय?" सनई नव्हती. तो पुन्हा बैल हाकू लागला, आणि मला उगीच परीक्षेत नापास झाल्यासारखे वाटले.

तात्यांच्या घरी काकूंनी ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी आणि तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके असे जेवू घातले की आदल्या दिवशीचा सारा हिशेब भरून निघाला. जेवताना तात्यांनी त्यांच्या रविवारच्या बैठकीची रीत सांगितली. दुपारी गावातली पाचसहा मंडळी घरापुढच्या ओटीवर जमतात. ज्याने त्याने एक तबकडी आणायची, लावायची, आणि ती आपल्याला का आवडते ते सांगायचे. दुसऱ्याच्या आवडीला हसायचे नाही.

"आणि सुई लावायची नाही," तात्या म्हणाले. "आमच्याकडे काटा चालतो."

गेळीचा काटा. गेळ हे इकडचे काटेरी झुडूप. त्याचे टणक काटे निवडायचे, महिनाभर चुलीच्या धुरात सुकवायचे, मग बारीक दगडावर टोक काढायचे. ही सारी करामत गणूची. त्याच्या घरी यंत्र नाही, तबकडी एकही नाही. तो काटे आणतो म्हणून बैठकीत त्याची जागा, आणि तबकडीच्या ऐवजी त्याने एक फर्माईश करायची. तात्या म्हणाले, "पोलादाची सुई तबकडी खाते हो. काटा स्वतः झिजतो, पण तबकडीला काही करत नाही. माझी ती राजापूरची तबकडी आजवर फक्त काट्यावर वाजली आहे."

मी मान डोलावली आणि मनात हसलो. काट्याचा आवाज म्हणजे पडद्याआडून बोलणाऱ्या नव्या सुनेसारखा, असे माझे पक्के मत. मी ते छापूनही आणले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. तात्या सकाळी बागेत गेले, काकू देवळात गेल्या. घरात मी, यंत्र आणि ती तबकडी. दुपारपर्यंत थांबायला काय झाले होते मला? पण जन्मभर शोधलेली वस्तू हाताच्या अंतरावर होती, आणि ती मला माझ्या सुईवर ऐकायची होती, खणखणीत. पेटीतली सुयांची डबी काढली. नव्या सुया मोजक्याच उरल्या होत्या, म्हणून एकदा वाजवलेलीच, म्हणजे झिजून टोकाला धार आलेली, एक सुई उचलली. हे मी केले. सुयांविषयी मासिकात पत्रे लिहिणाऱ्या माणसाने.

सुई टेकवली आणि आवाज असा उसळला की शेजारी ऐकतील म्हणून मी घाबरलो. चटकन अंगावरचा टॉवेल काढून कर्ण्यात कोंबला. खणखणीत ऐकायचे म्हणून सुई लावली, आणि ऐकू नये म्हणून टॉवेल. कर्ण्याला कान लावून, उघड्या अंगाने, चोरासारखा वाकून मी ते गाणे शेवटपर्यंत ऐकले. काय गायली होती ती बाई! डोळ्यांत पाणी आले, हेही खोटे नाही. मग सारे होते तसे ठेवले आणि ओटीवर जाऊन बसलो.

दुपारी मंडळी जमली. गणू आला, नवा काटा बसवायला वाकला आणि क्षणभर तसाच थांबला. त्याने यंत्रावरच्या राजापूरच्या तबकडीवरून बोट फिरवले. बोटाला करडी भुकटी लागली होती. काटा अशी भुकटी पाडत नाही, सुई पाडते. त्याने बोट पंच्याला पुसले, तबकडी पुसली, आणि काटा घट्ट केला. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"पाहुण्यांचा मान," म्हणून तात्यांनी तीच तबकडी आधी लावायला यंत्राला चावी दिली. गाणे सुरू झाले. अर्ध्यावर आले आणि आवाज फाटला, घोगरा झाला, नुसती खरखर. काट्याचे टोक दबून बसले होते. गणूने दुसरा काटा लावला. तो त्याच्याही आधी बसला. तिसराही. सुईने एकदा रेघा खरवडल्या की त्यांत काटा पुन्हा टिकत नाही, हे मला ठाऊक होते. त्या ओटीवर ते ठाऊक असलेले दोघेच होतो, मी आणि गणू.

तात्यांचा चेहरा उतरला. "गणू, काटे कच्चे काढलेस. पाहुण्यांसमोर शोभा केलीस माझी."

गणू म्हणाला, "असतील कच्चे."

त्या वेळी मी तोंड उघडायला हवे होते. उघडले, पण काय बोललो? "तात्या, माझ्यापाशी सुया आहेत, हव्या तर." माझी जीभ झडली कशी नाही! "हिला सुई लावायची नाही," म्हणत ती तबकडी तात्यांनी गुंडाळून आत नेली, आणि बाकीच्यांच्या तबकड्या माझ्या सुयांवर वाजल्या. मंडळी खूश झाली. कोणी म्हणाले, अक्षर न् अक्षर कळते. कोणी पत्ता लिहून घेतला. तात्या म्हणाले, "आता टपालाने सुयाच मागवू. हा काट्यांचा खटाटोप पुरे." माझी वाहवा झाली. गणू पायरीवर बसून होता. त्याला फर्माईश कोणी विचारली नाही. मीही नाही.

सोमवारी सकाळी गणूच मला खाडीपर्यंत सोडायला आला. काकूंनी बरोबर आमसुले आणि पोह्याचे पापड दिले होते. ते मांडीवर घेऊन मी बसलो होतो आणि वर मान करवत नव्हती. सड्यावर आल्यावर मी विचारले, "गणूभाऊ, तुम्हांला कळले होते. बोलला का नाही?"

बैलांचा कासरा सैल सोडत तो म्हणाला, "दोन म्हयने तात्या तुमची वाट बगत व्हते. कॅलेंडरावर खुणा करत. चार लोकांत तुमचा चोरपना काढला असता तर तुमचं काय, तुमी बोटीनं गेला असतात. तोंड तात्यांचं काळं झालं असतं."

"आणि आता पुढच्या रविवारी?"

"आता सुया येतील. माजं काय काम थंय?" तो हे रागाने बोलला असता तर मला सोसले असते.

"मी तात्यांना पत्र घालतो," मी म्हणालो.

"घाला," गणू म्हणाला.

गाडी वळवायला सांगता आली असती. बोटीला अजून तीन तास होते. मी तरीत बसलो, पैलतीरी उतरलो, आणि वळून पाहिले तेव्हा गणू सड्याच्या वाटेला लागला होता. परतीच्या प्रवासात समुद्र अगदी शांत होता, तरी मला अन्न गेले नाही.

मुंबईत आल्यावर आमच्या मंडळींनी घेरले. ऐकलीस का? कशी आहे? मी तासभर वर्णन केले, आणि त्यांनी डोळे मिटून माना डोलावल्या. घरी येऊन पत्र लिहायला बसलो. चार पत्रे लिहिली आणि चारही फाडली. प्रत्येकात मी थोडा थोडा कमी दोषी होत होतो. तिच्यावर आता काटा टिकणार नाही आणि तात्या तिला सुई लावणार नाहीत, म्हणजे तात्यांची ती तबकडी शेवटपर्यंत ऐकलेला शेवटचा माणूस मी आहे, आणि तीही मी टॉवेल कोंबलेल्या कर्ण्यातून ऐकली. या गोष्टीची लाज आता माझ्याबरोबरच जाईल.

म्हणून पत्र न घालता हे इथे छापायला दिले आहे, माझ्या नावानिशी. तात्या, हे मासिक तुम्ही रविवारी ओटीवर मोठ्याने वाचता, असे तुम्हीच मला लिहिले होते. सुई मी लावली. गणूचे काटे पक्के होते. इथपर्यंत वाचून झाले असेल आणि तो ओटीवर नसेल, तर थांबा, त्याला बोलावून आणा, आणि सगळ्यांच्या देखत पहिल्यापासून पुन्हा वाचा.