बेदाण्याची दुसरी लस

तासगावच्या पल्याड धन्यकुमारची द्राक्षबाग. त्याच्या तोंडचं एक वाक्य आख्ख्या शिवाराला पाठ होतं: रोग दिसला म्हंजी उशीर झाला. दावण्या रोग पानावर यायच्या आधीच याचा फवारणीचा ब्लोअर बागेतून फिरून गेलेला असायचा. शेजारी जळक्या पानांकडं बघत कपाळाला हात लावायचे, तेव्हा हा मिशीतल्या मिशीत हसायचा. शहाणाच होता गडी. पण त्याचं शहाणपण बागेच्या तारेपल्याड कधी आलं नाही, हीच तर रड आहे.

घरात दोघंच. पोरबाळ झालं नाही. बायको गुणमाला दिवस-दिवस मुकी असायची. बोलायचं तरी कुणाशी? तिच्या भावानं कुत्र्याचं एक पिल्लू आणून दिलं, सुकलेल्या बेदाण्याच्या रंगाचं, आणि त्याचं नावही तेच पडलं. बया बोलायला लागली की हो! भाकरी थापताना त्याच्याशी बोलायची, त्याला रागवायची. दिवस मावळायच्या आत जेवायला बसली की पहिला घास बेदाण्याचा. धन्यकुमार सोप्यात बसून ऐकायचा. बायकोचं हसू किती वर्षांनी कानावर आलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तासगावच्या जनावरांच्या डॉक्टर प्रियदर्शनीबाईंनी पहिली लस टोचली, जंताचं औषध पाजलं आणि बजावून सांगितलं: तीन आठवड्यांनी दुसरी लस, मग तिसरी, आणि सगळ्या होईस्तोवर पिल्लू बाहेरच्या कुत्र्यांत सोडायचं नाही. एका लसीनं भागत नाही म्हणाल्या. धन्यकुमारनं मान डोलावली. फवारणीचंच गणित ते, त्याला काय नवं होतं?

दुसऱ्या लसीची वेळ आली ती नेमकी छाटणीनंतर. हवा ढगाळ, पाऊस भुरभुरतोय, कोवळ्या फुटी धोक्यात. गुणमालानं आठवण केली, तर उद्या जाऊ म्हणाला. पुन्हा केली, पुन्हा उद्या. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि पिल्लू घेऊन एसटीत चढायचा धीर होईना. अशात एका सकाळी बेदाणा धन्यकुमारच्या मागं मागं शेडपर्यंत आला. तिथं भटक्या कुत्रीची पिल्लं होती, एकदोन मलूल पडलेली. यानं बघितलं. खेळतंय तर खेळू दे म्हणाला आणि ट्रॅक्टर सुरू केला. अरे शहाण्या, बागेत असं मलूल पान दिसलं असतं तर चप्पल न घालता धावला असतास!

आठवडा सरायच्या आत बेदाण्यानं दूध सोडलं. ओकाऱ्या झाल्या, मग रक्ताची हगवण. आता मात्र धन्यकुमारनं फवारणी अर्ध्यावर टाकून गाडी काढली. बाईंनी सलाईन लावलं, पार्व्हो आहे, कुत्र्याकडून कुत्र्याला लागतो म्हणाल्या आणि दुसरी लस कधी दिली तेवढंच विचारलं. भर दुपारी, गुणमालाच्या पदरात, बेदाण्यानं मान टाकली.

अंगणातल्या कडुनिंबाखाली त्याला पुरलं, तेव्हा गुणमाला एकदाच बोलली.

"बागंला तुमी कवा उद्या म्हणाला न्हाई."

बस्स. भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिचं बोलणं आटलं ते आटलंच. बाग त्या साली झोकात आली, एका घडाला डाग नव्हता. धन्यकुमारला ती बघवेना.

पुढच्या भादव्यात पर्युषण सरलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी जैनांत माणसं एकमेकांपुढं हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. एकानं 'उत्तम क्षमा' म्हटलं की दुसराही तेच म्हणतो आणि मन मोकळं होतं. मंदिरात धन्यकुमारनं सगळ्यांपुढं हात जोडले. घरी येऊन गुणमालापुढं उभा राहिला. चुकलं माझं, एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा ढसाढसा रडला.

गुणमालाचेही डोळे भरून आले. "माझी क्षमा हाय तुमास्नी," ती म्हणाली. "पर ते लेकरू तिकडं हाय."

तो कडुनिंबाखाली जाऊन मातीत बसला. हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणाला. आणि कुणी उलटून म्हणेल म्हणून दिवस मावळेस्तोवर तसाच बसून राहिला.