सीलला घास

माझी तीन वर्षांची पिंकी तूप-पोळी हातात घेऊन सरळ सीलकडे चाललेली! समुद्रकिनाऱ्यावर वाळूत लोळणारा, म्हशीपेक्षा मोठा सील प्राणी. पहिला घास मुक्या जनावराला द्यायचा, हे मीच शिकवलेलं तिला. हे लांबून ओरडले, "अगं, पकड तिला!" पण मी धावले असते तर तो बिथरला असता. मी तिथंच खाली बसले, हळूच म्हटलं, "पिंके, आईला भूक लागलीय गं."

ती वळली.

दुपारी किनाऱ्यावरून गाडीनं पुढं गेलो, त्या वाळवंटात पिवळी फुलं होती म्हणे, लांबच लांब. मला आठवतो फक्त माझ्या मुठीतला तिचा तुपकट हात, आणि गरम, झोपाळू वारा.

आज तूप कढवताना कॅलिफोर्नियातला तो दिवस दरवळला. तेव्हा वाटलं, मी हुशार. आता वाटतं, तिनं ऐकलं नसतं तर? तुम्ही बसला असता, की धावला असता?