काकांचा डास

बाटली कशी बघायची, हे मला काकांनी शिकवलं. नात्याने ते माझे कोणी नव्हेत, शेजारच्या स्टुलावरचे. सलाईनच्या कारखान्यात एका अंधाऱ्या खोलीत आम्ही ट्यूबलाइटपुढे बसायचो. बाटली हळूच एकदा फिरवायची, पांढऱ्या फळीपुढे धरून पाच मोजायचे, मग काळ्या फळीपुढे पाच. आत काही तरंगताना दिसलं की रिजेक्ट. "हे माणसाच्या रक्तात जाणार आहे," काका म्हणायचे. "पाच म्हणजे पाच. साडेचार मोजणाऱ्याने घरी बसावं." एकतीस वर्षं त्यांनी असे पाच मोजले. सगळे त्यांना दुर्बीण म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं, तोंडाने कितीही नको नको म्हणोत.

तर निवृत्तीला आठ महिने राहिले असताना एका सोमवारी या दुर्बिणीला डास दिसला.

"डासच आहे," ते म्हणाले. "एक पाय वाकडा." बाटली रिजेक्ट. पुढच्या बाटलीत डास. तिच्या पुढच्या बाटलीतही डास, आणि पाय वाकडाच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चारशे बाटल्या बाजूला गेल्या होत्या.

आम्हाला कोणालाच काही दिसत नव्हतं बरं का. पण दुर्बिणीला दिसतंय आणि आपल्याला दिसत नाही, म्हणजे डोळे कोणाचे फुटलेत? सगळे म्हणाले, "हो हो, आहे." मीही म्हणाले. आता लाज वाटते, पण म्हणाले.

मशीन बंद झालं. टाक्या उघडल्या, गाळण्या बदलल्या, तीन दिवस नुसती धुवाधुवी. रिपोर्टात कणाचं चित्र काढावं लागतं. काकांनी ते इतकं सुबक काढलं की साहेबांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "हा डास नाही. केस आहे. मिशीचा." झालं! दुसऱ्या दिवशी फलकावर हुकूम लागला, कारखान्यात मिशी चालणार नाही. आधी स्वतःची उतरवली साहेबांनीच, आणि काय मिशी होती हो, माणसाच्या आधी दारातून ती आत यायची. सकाळी वॉचमनने त्यांना फाटकावर अडवून ओळखपत्र मागितलं. ओळखपत्रावर मिशी होती, म्हणून आणखी अर्धा तास अडवलं.

सगळ्या पुरुषांची तोंडं सोललेली. मशीन सुरू झालं. काकांनी पहिली बाटली उचलली, फिरवली, पाच मोजले. "आहे," म्हणाले. "तसाच."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी आहे तोंडाची फटकळ, इतके दिवस गप्प कशी बसले देव जाणे. रिजेक्टचं खोकं ओढलं आणि एकेक बाटली बघितली. चाळीस बघितल्या. स्वच्छ, आरशासारख्या.

"काका, ती बाटली खाली ठेवा. ठेवा म्हणते ना! आता भिंतीकडे बघा."

"भिंतीवरही आहे," ते म्हणाले. "बघ, हवेतूनच येतोय."

"वर बघा."

"छतालाही."

"माझ्या कपाळावर?"

"तुझ्या कपाळावर तर सकाळपासून आहे. मी म्हटलं, कशाला बोला."

काकांनी डोळे डावीकडे फिरवले, उजवीकडे फिरवले. डास कुठे कुठे जातोय ते मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. मग त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे... मिशा?"

मला हसू आवरेना आणि त्यांची कीवही येत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं की डोळ्यातली जेली आकसते, त्यातल्या धाग्यांची सावली पडते, तेच तरंगताना दिसतं. डोळ्याचा पडदा शाबूत आहे, औषध लागत नाही, सवय होते. पण एकदम पुष्कळ ठिपके दिसले, विजेसारखं चमकलं किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी धावत या. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे डोळा तुम्ही पास केलात?"

"हो, पास."

"आत कण असताना?"

डॉक्टर हसले. काका नाही हसले. रस्ताभर मला म्हणत होते, "कण दिसतोय आणि पास करतो! आमच्याकडे एक दिवस टिकला नसता."

पण माणूस खरा. दुसऱ्या दिवशी स्वतः साहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "डास माझा आहे." साहेबांचा हात मिशी पिळायला वर गेला आणि तसाच खाली आला. काकांना खोक्यांना चिकटपट्टी लावायच्या कामावर पाठवलं आणि त्यांच्या स्टुलावर मला बसवलं. त्यांना कोणी दुर्बीण म्हणेना. जाता-येता ते माझ्या खोलीच्या दाराशी थांबायचे, आत यायचे नाहीत. मला फार वाईट वाटायचं.

महिन्याभराने भर दुपारी त्यांचा फोन आला. "दवाखान्यात ये. लगेच."

काकूंना दोन दिवस जुलाब-उलट्या होत होत्या, अंगातलं पाणी पार गेलेलं. मी पोचले तर वॉर्डात तमाशा. सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या, टेबलावर तीन भरलेल्या बाटल्या, चौथी खांबाला टांगलेली आणि तिची नळी काकांच्या मुठीत आवळलेली. थेंब पडू देतील तर शपथ.

"अहो, अर्धा तास झाला!" सिस्टर माझ्यावरच ओरडल्या. "हे गृहस्थ बाटल्या नापास करतायत! पेशंट जाईल हातची!"

काकूंचे ओठ कोरडे पडले होते. "त्यांना घरी ने गं," त्या पुटपुटल्या. "मला इथेच राहू दे."

मी ओरडणारच होते. पण काकांचा चेहरा बघितला आणि थांबले. "कण आहे," ते म्हणाले. "माझा आहे की बाटलीतला, कळत नाही गं. एकतीस वर्षं कळलं. आज हिच्या वेळेला कळत नाही."

मी बाटलीवरचा शिक्का बघितला. आमचाच कारखाना, मागच्या आठवड्याची बॅच. म्हणजे मीच बघितलेली.

"काढा खाली," मी सिस्टरना म्हटलं. "एक मिनिट. नाहीतर हे संध्याकाळपर्यंत सोडणार नाहीत." भिंत पांढरी होतीच. काळं काही सापडेना, तेव्हा काकांचीच काळी छत्री वॉर्डाच्या मधोमध उघडली. बाटली हळूच फिरवली, भिंतीपुढे धरली आणि मोठ्याने मोजायला लागले. दोनला शेजारच्या खाटेवरच्या आजी मोजायला लागल्या, तीनला पलीकडच्या, आणि छत्रीपुढे पाच होईपर्यंत अख्खा वॉर्ड मोजत होता, सिस्टरसुद्धा.

"पास," मी म्हटलं.

"पाच पूर्ण मोजलेस?"

"काका, सगळ्यांनी मोजले!"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. दुसऱ्याने पास केलेली बाटली त्यांनी आयुष्यात मानली नव्हती. सिस्टरनी ती परत टांगली, हात पुढे केला, आणि काकांनी एकेक बोट उचलत मूठ सोडली. थेंब पडायला लागले.

"मला पसंत केलंत तेव्हा मोजले होते का पाच?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "तुला बघताना मोजायचं राहूनच गेलं." आणि तो एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडला.

मग त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, बाटलीकडे पाठ करून काकूंचा हात धरून बसले, आणि बाटलीवर लक्ष ठेवायला मला सांगितलं.