दोन ठिकाणी चावलेला नान

कोकंद शहराच्या बस अड्ड्यामागे खोसियत आपाचा तंदूर आहे. आपाचे हात कोपरापर्यंत भाजलेले, आणि जीभ आचेहून तिखट. सकाळची पहिली खेप ती विकत नाही. ज्यांना घर उरलेलं नाही अशी बायकामुलं अड्ड्याच्या बाकांवर मुक्कामाला असतात, ती खेप त्यांची. पण कुणी हात पसरून नान घेतलेला तिला खपत नाही. म्हणून तिनं रीत घातली: वाळका तुकडा आणायचा आणि ताजा नान न्यायचा. आमच्यात नान कुणी टाकत नाही, त्यामुळे प्रत्येकीच्या गाठोड्यात एखादा तुकडा निघतोच. ते सगळे पोत्यात जमा होतात आणि पोतं जातं पलीकडच्या गल्लीतल्या यूल्दोश अकाच्या, म्हणजे यूल्दोशदादाच्या, मेंढ्यांना.

"फुकट कुठे दिलं? बदलून दिलं," आपा म्हणते. "आभार मानायचे तर मेंढ्यांचे माना."

आभार म्हटलं की तिला कसनुसं होई, कारण तिच्याकडूनच एकाचे मानायचे राहिले होते. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला दोन मुलींसकट बाहेर काढलं. तेव्हा हमरो बोबो नावाच्या म्हाताऱ्या नानवाल्यानं तंदुरामागच्या उबदार भिंतीला टेकून तिला अख्खा हिवाळा काढू दिला आणि कणीक मळायला शिकवलं. ती आभार मानायला गेली की म्हातारा गुरकावायचा, "पीठ चाळ आधी." असं करता करता म्हातारा वारला.

यंदा पानगळीत अड्ड्यावर ओयदिन नावाची बाई आणि तिची सहा वर्षांची जरनिगोर आली. एका सकाळी जरनिगोर एकटीच तंदुरापाशी आली. हातात फडक्यात बांधलेला वाळका नान होता. आपा तंदुरात कमरेपर्यंत वाकलेली. न बघताच म्हणाली, "टाक पोत्यात," आणि दोन ताजे नान तिच्या हातावर ठेवले.

दुपारी यूल्दोश अका पोतं घेऊन गेला, आणि पाठोपाठ ओयदिन धापा टाकत आली.

"आपा, माझा नान! पोरीनं आणून दिलेला!"

"अगं, दोन ताजे दिले ना तिला?"

"चावलेला होता तो, आपा. तोलिबनं चावलेला."

आपाच्या हातातली कणीक खाली पडली. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस उंबऱ्यात नानचा एक घास तोडतो. उरलेला घरच्यांनी भिंतीवर टांगून जपायचा, आणि तो परत येऊन त्यानंच संपवायचा. ओयदिनचा नवरा तोलिब रशियात बांधकामावर गेला त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि दोन महिने त्याचा फोनही नव्हता. मधल्या काळात घरमालकानं खोली सोडायला लावली. भांडी गेली, गाद्या गेल्या, एवढा नान तिनं उराशी धरून आणला होता.

"चूक माझी," आपा म्हणाली. असं ती सहसा म्हणत नाही. "तुकड्याशिवाय नान नाही, हे मीच पोरीच्या डोक्यात भरवलं. चल!"

दोघी पळत सुटल्या. आपा गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायला लागली, "थांब रे मेल्या! पोतं उपडं करू नकोस!"

"केलंसुद्धा," यूल्दोश अका म्हणाला. "काय, अंगठी पडली का त्यात?"

"हिच्या नवऱ्याचा चावलेला नान आहे!"

अकानं हातातलं पोतं टाकलं. बुटांसकट गव्हाणीत उतरला आणि मेंढ्या बाजूला ढकलू लागला. तिघं गुडघ्यांवर बसून तुकडे चाळत होती. नान सापडला तो थोरल्या मेंढ्याच्या तोंडात. अकानं त्याचा जबडा उघडून तो सोडवला. एका कडेला तोलिबचा घास, आणि दुसऱ्या कडेला आता मेंढ्याचा, चांगला मोठा.

"आता नवऱ्याबरोबर माझा मेंढाही तुझ्याकडेच येणार बघ," अका म्हणाला. ओयदिन हसता हसता रडायला लागली.

आपानं आपल्या रुमालानं नान पुसला. "पण बाई, हा गाठोड्यात का ठेवतेस? टांगायचा ना!"

ओयदिन मान खाली घालून म्हणाली, "कुठे टांगू, आपा?"

आपाला तंदुरामागची ती उबदार भिंत आठवली. हमरो बोबोनं तिला आधी भिंत दिली होती. आणि ती मात्र वीस वर्षं नुसते नान वाटत आली होती.

त्याच दुपारी तिनं तंदुरामागची पिठाची कोठी मायलेकींसाठी रिकामी केली.

"मग पीठ कुठे ठेवाल?" ओयदिननं विचारलं.

"माझ्या डोक्यावर. हातोडी दे इकडे."

तिनं खिळा ठोकला, नान टांगला. ओयदिन तिचा हात कपाळाला लावायला वाकली, तर आपा गुरकावली, "पीठ चाळ आधी!" म्हातारा असं का म्हणायचा, ते तिला तेव्हा कळलं. दुसरं काही बोलायला गेला असता तर त्याला रडू फुटलं असतं.

अड्ड्यावर बातमी पसरली. बायका एकेक करून गाठोडी घेऊन आल्या, लाजत लाजत ती सोडू लागल्या, आणि आतून एकेक चावलेला नान निघू लागला. सगळ्याजणींना कोठीत राहायला जागा नव्हती, पण नानांना भिंतीवर होती. हिवाळ्यापर्यंत तिथे नऊ नान टांगले गेले.

वसंतातल्या नवरोजच्या सणाच्या आठवड्यात तोलिब विचारत विचारत तंदुरापाशी आला. पाय मोडून तो इस्पितळात पडला होता आणि त्याचा फोन हरवला होता. भिंतीसमोर तो बावचळून उभा राहिला. "यातला माझा कुठला?"

"दोन ठिकाणी चावलेला, बाबा," जरनिगोर म्हणाली. "छोटा घास तुमचा, मोठा मेंढ्याचा."

तोलिबनं तो चहात बुडवून शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मग उठून रिकामा खिळा उपटायला लागला, तशी खोसियत आपा तंदुरापासूनच ओरडली, "राहू दे तो! अड्ड्यावर काल एक नवीन आलीय."