टेपच्या वरचं पाणी

आमच्या मोठ्या भाऊजींचा सारा जन्म दुसऱ्यांच्या घरचं पाणी वळणावर आणण्यात गेला. गळका नळ असो की तुंबलेली मोरी, हातात पाना घेऊन वाकले की काम झाल्याशिवाय कंबर सरळ करायचे नाहीत. आणि तोंड अखंड चालू. "नळ गळत नाहीये, बाई, रडतोय. कधी विचारपूस केलीत का त्याची?" बायका हसायच्या आणि जाताना एक चहा जास्त पाजायच्या.

अशा माणसाला हृदयाच्या दुखण्यानं गाठलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, चहा आणि पाणी मिळून दिवसाला नऊशे मिलिलिटर, वर थेंब नको. जेवणातलं पातळ त्यांनी वेगळं धरलं होतं. पायांना सूज आली नाही, तर लेकीकडे जायची परवानगी मिळणार होती. तिला नुकतीच मुलगी झाली होती आणि आजोबांनी नातीला फक्त फोनवर जांभई देताना पाहिलं होतं.

मग घरात घोटाघोटावरून वाजायला लागलं. त्यांची बायको, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई (मी त्यांना ताई म्हणते), पाण्याच्या भांड्याशी पहारेकऱ्यासारख्या उभ्या.

"अहो, आत्ताच तर प्यालात!"

"ते आवंढा गिळलेला, अगं. त्याचाही हिशोब धरतेस?"

मी वरच्या मजल्यावर राहते. ही रोजची जुगलबंदी ऐकून एकदा कागद घेऊन खाली उतरले. "भाऊजी, कप शंभरचा, पाण्याचा ग्लास दीडशेचा धरू. चहाचे कप गुणिले शंभर, अधिक पाण्याचे ग्लास गुणिले दीडशे, आणि उत्तर नऊशेच्या वर जायला नको. ही झाली असमानता. आता जोडी तुम्ही निवडायची. आधी चहा, मग पाणी. नियमात बसली की ताईंनी हूं की चूं करायचं नाही."

भाऊजींनी काचेच्या ग्लासात दीडशे मोजून ओतलं आणि पातळीवर बाहेरून नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप चिकटवली. रोज सकाळी त्यांची जोडी जाहीर व्हायची. "आज सहा-दोन!" सहाशे नि तीनशे, नऊशे, बसली. एका उकाड्याच्या दिवशी म्हणाले, "आज दोन-सहा." दोनशे नि नऊशे, अकराशे.

"नाही बसत, भाऊजी."

"अगं धाकटे, कालचीच जोडी, फक्त उलटी केली. आम्हा नवरा-बायकोला उलटं उभं केलंस तर जोडी बदलते का?"

"तुमची नाही बदलत. ही बदलते. हिला क्रम असतो."

"म्हणजे आमच्या हिच्यासारखीच. आधी तिचं, मग माझं," म्हणाले, आणि शेवटी तीन-चारवर आले. तीनशे नि सहाशे. ती त्यांची लाडकी जोडी झाली.

तपासणीला थोडे दिवस उरले असताना त्यांचे पाय सुजले. चपलेचा पट्टा बसेना. ताई संतापल्या. "चोरून पिताय तुम्ही! नातीपेक्षा पाणी मोठं झालं तुम्हाला?"

एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस गप्प. खिडकीकडे तोंड करून बसले. मला ते बघवेना, पण ताईंचंही चुकत नव्हतं. रोजची जोडी तर बरोबर बसत होती. मग सूज आली कुठून?

दुसऱ्या दिवशी ताई औषधं आणायला गेल्या, म्हणून पाणी मी दिलं. टेपपर्यंत भरून ग्लास पुढे केला. भाऊजींनी तो उजेडात धरला. "आज वरच्या टाकीत पाणी कमी आलं वाटतं?"

"टेपपर्यंत आहे की!"

ते एकदम ओशाळले. तेवढ्यात ताई दारात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं आणि चपला न काढताच खुर्चीवर बसल्या.

"मी टेपच्या थोडं वर भरते," त्या हळूच म्हणाल्या. "उणा ग्लास द्यायला हात धजत नाही गं. तहानेनं ओठ सुकलेले असतात त्यांचे."

आम्ही त्यांच्या हातानं भरलेलं पाणी मोजलं. काठोकाठ, दोनशे. म्हणजे तीन-चार नव्हेच. तीनशे नि आठशे, अकराशे.

"तुम्हाला कळत होतं?" ताई भाऊजींकडे वळल्या. "मग मी नाही नाही ते बोलले, तेव्हा तोंड का शिवलंत?"

"जन्मभर पातळ्या बघितल्या मी, अगं. पहिल्या दिवशीच कळलं." भाऊजी पायांकडे बघत होते. "तू इतक्या मायेनं भरायचीस. कमी भर, असं कसं सांगू?"

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, उद्यापासून टेपपर्यंतच. भाऊजींनी मान हलवली. "नाही. तिचा हात तसाच राहू दे. नियमच बदल. ग्लास दोनशेचा धर." मग स्वतःच बोटांवर जुळवत म्हणाले, "तीन-तीन. तीनशे नि सहाशे."

बसत होती.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना ताईंनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. ते आधी रागावले, मग त्यांनी नडगीवर बोट दाबून पाहिलं. सुजेचा खळगा पडला नाही. "जा," म्हणाले, "पण जोडी सांभाळा."

निघायच्या सकाळी भाऊजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "लेक चहा फार करते. आज पाच-दोन म्हणतोय."

मी तोंड उघडणार, तर ताईंनी हात वर केला. पिशवीची चेन ओढता ओढता पुटपुटल्या, "पाचशे... दोन ग्लास चारशे..." आणि नवऱ्याकडे बघून हसल्या. "बसते हो. चला."