निळ्या रंगाखालचं इंजिन

पत्रक लिहिणं मला येतं. पहिल्या ओळीत अन्याय, दुसरीत तो कोणी केला, खाली मागण्या आणि शेवटी जमायचं ठिकाण. वर्धेला शिकायला गेले तेव्हापासून हेच करते आहे. पिपरी मेघेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत पलंगाखाली कपडे कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. म्हणून यंदा फेब्रुवारीत गावी जाऊन बाबांच्या मोटारसायकलचं पोतं उघडलं, तेव्हा वाटलं होतं की हेही तसंच असणार. बिघाड कुठे, कोणी केला, एवढं सापडलं की झालं.

पोत्यातून निघालं ते सगळं निळं होतं. नट निळे, स्प्रिंगा निळ्या, पिस्टनसुद्धा निळे.

माझं गाव रोहण्याच्या अलीकडे. बाबांची गाडी एका सिलिंडरची, टू-स्ट्रोक, बनायची कधीच बंद झालेली. आजूबाजूच्या गावांतल्या सभा, कोणाचा जातीचा दाखला, कोणाचं जमिनीच्या पट्ट्याचं भांडण, हे सगळं त्यांनी या गाडीवरून केलं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे ती गाडी असायची. मग ती बंद पडली. आमच्या लोकांनी तिचं काय करावं? झाकी केली, मिरवणुकीतला देखावा. दर जयंतीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवायला लागले. चढवायला जड जाते म्हणून पहिल्याच वर्षी इंजिनातलं निघेल ते काढून पोत्यात भरलं. आणि दरवर्षी घरं रंगवून उरलेला निळा ऑइलपेंट गाडीवर फासला. कोणीतरी हौशीनं पोतंही रिकामं करून एकेक तुकडा रंगवून परत भरला होता. बुद्धीनं चालणारी माणसं म्हणे आम्ही! इंजिनाला आतून रंग देत नाहीत, एवढं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर बाबांच्या पायासाठी. त्यांचा उजवा पाय दोन वर्षांपासून साथ देत नाही. मागच्या जयंतीला ते घरीच बसले. यंदा मी म्हटलं, ऑटो करू.

"ऑटोत? दवाखान्यात चाललो का मी?"

"मग माझ्या स्कुटीवर मागं बसा."

"मांगं? सामान हाय का मी?" मग म्हणाले, "आपली गाडी असती तं गेलो असतो."

तेवढंच. पण मी ते धरून बसले; किक मारायला मी होतेच. चौदा एप्रिलला गाडी चालू झाली तर बाबा मिरवणुकीत, नाही झाली तर पुन्हा घरात. आणि त्यांचा पाय पाहता पुढच्या वर्षीचा भरवसा कोणी देत नव्हतं.

दर शनिवारी मी एसटीनं गावी जायची आणि अंगणात चादर पसरून रंग खरवडत बसायची. थिनरनं हाताची सालटी निघाली. रंगाखाली गंज, गंजाखाली काय ते माहीत नाही. मोबाइलवर व्हिडिओ लावले. त्यांत गोरी माणसं पांढऱ्या टेबलावर चकचकीत पार्ट मांडून गोड बोलतात. माझ्या पोत्यात पितळेची एक चकती निघाली होती, पोटात स्प्रिंग आणि कडेला दोन शिंगं असलेली; तशी त्यांच्या टेबलावर कुठेच नव्हती. ती क्लचजवळ लावून पाहिली, कार्बोरेटरजवळ पाहिली, मॅग्नेटोजवळ पाहिली. कुठेच बसेना.

त्याहून मोठं कोडं पिस्टनचं. पिस्टन दोन निघाले, एक मोठा, एक छोटा. सिलिंडर मात्र एकच, आणि तेही छोटं. छोटा पिस्टन त्यात जायचा, पण ते सिलिंडर इंजिनाच्या बोल्टांवर बसत नव्हतं. मोठा पिस्टन इंजिनाच्या दांडीला अगदी बरोबर लागायचा, पण त्याला घर नव्हतं.

आई दारात उभी राहून बघायची. "तुया वयाच्या पोरी लेकरं न्हाऊ घालतेत," ती म्हणाली, "अन् तू नट न्हाऊ घालून राह्यली."

शेवटी सगळं पिशवीत भरून आर्वीला एका मेकॅनिककडे नेलं. त्यानं छोटं सिलिंडर उचललं आणि हसायलाच लागला.

"मॅडम, हे फवारणीच्या पंपाचं हाय. मोटारसायकलनं कपाशीवर फवारून राह्यल्या का तुम्ही?"

"आणि ही पितळी चकती?"

त्यानं ती उलटी केली, सुलटी केली, हुंगली. "हे मले नाई माहीत. गाडीचंही नसंन अन् पंपाचंही नसंन. तुमची गाडी माह्या जन्माच्या आधीची हाय, मॅडम. मोठं सिलिंडर आना, मंग पाहू."

घराच्या माळ्यावर पंपाचे जुने पार्ट आणि गाडीचे पार्ट एकत्र झाले होते. कोणी केले? सगळ्यांनी. अशा गोष्टीचं पत्रक निघत नाही. मोठं सिलिंडर वर्धेच्या भंगारात शोधलं, नागपूरला शोधलं. एक ऑनलाइन मागवलं, त्याची भोकं जुळली नाहीत. घरातला कोपरा न् कोपरा, गोठा, गच्चीवरची टाकी, सगळं उपसलं.

ते सापडलं जयंतीच्या चार दिवस आधी. विहारासमोर झेंड्याचा ओटा आहे, तो रंगवायचा होता. रंग द्यायच्या आधी जुना खरवडावा, ही सवय आता माझ्या हाताला लागली होती. झेंड्याच्या पायपाच्या बुडाशी पापुद्रे काढले आणि लोखंडाची गोल कडा दिसली. कडेवर चार भोकं. त्यांचं अंतर मला पाठ होतं. कडेखाली सिमेंटमध्ये रुतलेल्या पात्या. ज्या पोकळीत पिस्टन वरखाली व्हायचा, तिच्यात झेंड्याचा पाईप ठोकून बसवला होता.

मोठेबाबा, म्हणजे माझे मोठे काका, जयंती समितीचे अध्यक्ष आहेत. ते शेजारीच दोरी ओवत होते.

"मोठेबाबा, हे इथं कोणी बसवलं?"

"ते होय? तुया बाबानंच आनून देल्लं. पयले झेंडा दरसाल वाऱ्यानं कलत होता. याच्यात पाईप असा फिट बसला का विचारू नको. तवापासून हालला नाई."

"ते गाडीचं सिलिंडर आहे."

त्यांनी वर झेंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग? ओटा फोडतं का? पत्रक काढ, झेंडा उतरवा म्हणून. पाहू कोन कोन येते ते."

फोडलं तरी आतून पाईप गंजून एकजीव झालेला. ते सिलिंडर आता झेंड्याचंच होतं. मी खरवडलेल्या जागेवर मीच रंग दिला. निळा.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते खाटेवर पाय चोळत बसले होते.

"मले काय माहीत ते सिलिंडर होय म्हणून? मी गाडी चालवली. उघडून कधी पाह्यली नाई." पाय चोळतच पुढे म्हणाले, "अन् माहीत असतं तरी देल्लं असतं. गाडी तं बंदच पडली होती."

मला राग आला. कोणावर, ते ठरेना. असा राग मला नवा आहे.

जयंतीच्या सकाळी मोठेबाबा आले. "चाल रे," ते बाबांना म्हणाले, "ट्रॉलीवर गाडीवरच बसवतो तुले. हार घालू. पोरं धरतीन."

"नाई."

"काऊन? पुढंच तं राहाशीन."

"मी झाकी नाई," बाबा म्हणाले.

मोठेबाबांनी मला खूण केली, तू समजाव. मी नाही समजावलं. माणसाची झाकी करू नका, हाच मुद्दा मी किती तरी पत्रकांत लिहिला होता, आणि आता तो मला नकोसा होता. त्यांनी बसायला हवं होतं. हार घालून, फोटो काढून, कसंही.

दुपारी मिरवणूक आमच्या दारावरून गेली. बाबा दारातल्या खुर्चीवर होते. आधी डीजे, मग ट्रॉली. मी गाडीत बसवून ठेवलेलं, खरवडून खरवडून उघडं केलेलं लोखंड पोरांनी रातोरात रंगवलं होतं. एकही जागा सोडली नव्हती. टाकीखाली, जिथे सिलिंडर असतं तिथे पोकळी होती, आणि तिच्यातून पलीकडच्या घराची भिंत दिसत होती. पोरं ओरडली, "बाबा, पाहा तुमची गाडी!"

बाबांनी हात वर केला आणि ट्रॉली वळेपर्यंत तसाच ठेवला. मग म्हणाले, "दार लाव व. आवाज लय हाय."

मी दार लावलं. आवाज तेवढाच येत राहिला.