कोऱ्या पॅडवरची दीड ओळ

इथल्या प्रत्येक अनुभवाखाली "पुरावा काय?" असं खवचटपणे विचारणारी जी बाई आहे ना... ती मीच. भूतबित, संकेतबिंकेत मी कधी मानलं नाही, आणि आजही मानते असं म्हणवत नाही. पण गेले तीन आठवडे डोक्याचा पार भुगा झालाय, म्हणून लिहितेय. हसायचं तर खुशाल हसा.

मी चेन्नईत लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो आणि बाबा गेल्यावरही तांबरमलाच राहिलो – आई, मी आणि धाकटा भाऊ ओंकार. ओंकार श्रीपेरुंबुदूरला एका कारखान्यात लागला होता. चौदा महिन्यांपूर्वी एके दिवशी सकाळची शिफ्ट संपवून दुपारी कंपनीच्या बसमधून तांबरमला उतरला... आणि घरी आलाच नाही. फोन बंद. भांडण नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. पोलीस स्टेशनला खेटे घालून मी थकले. आई अजून त्याच्या वाटणीचा भात लावते आणि तो उरला की मलाच खावा लागतो.

तर... आमच्या फॉरेन्सिकच्या पेपरचं प्रॅक्टिकल होतं. दुपारचे अडीच, पडदे ओढून अंधार केलेला वर्ग. पॅडच्या वरच्या कागदावर लिहिलं की खालच्या कागदावर त्याचा दाब उमटतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण टॉर्च अगदी कागदालगत, तिरका धरला की अक्षरं वर येतात. सर इंग्लिशमध्ये तीनतीनदा बजावत होते – "पेन्सिल घासायची नाही. घासलीत की पुरावा संपला. आधी फोटो, मग बाकी सगळं."

माझी पार्टनर कयल, मदुरैची पोरगी. पॅड मी सकाळीच एग्मोरच्या दुकानातून घेतलं होतं, त्यावरचं प्लास्टिक तिनेच नखाने फाडलं. सुरुवात करण्याआधी पहिला कागद खरंच कोरा आहे ना, ते बघायचं असतं. मी मोबाइलचा टॉर्च तिरका धरला.

कागद कोरा नव्हता.

"ए, हे काय? हिंदी आहे का?" कयलने तमिळमध्ये विचारलं.

मराठी होतं. "ताई, मी बरा आहे. आईला सांग."

अक्षर ओंकारचं. कसं ओळखलं म्हणाल... त्याला शाळेत मराठी नव्हतं, मीच घरी शिकवलं. तो आधी अख्खी आडवी रेघ मारायचा आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर लटकवायचा, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं. मी किती ओरडले तरी सुधारला नाही. तीच रेघ, शेवटच्या अक्षराच्या पुढे बोटभर गेलेली. अख्ख्या चेन्नईत असं दुसरं कोण लिहिणार हो?

खाली आणखी एक ओळ होती. "मी सध्या" एवढं लागलं. पुढे बरंच काही होतं, पार कडेपर्यंत, पण फार पुसट. टॉर्च इकडून धरला, तिकडून धरला... वाचताच येईना.

"हात लावू नकोस! आधी फोटो. सरांना आणते मी," म्हणून कयल पळाली.

वर्ग तो केवढा? सर यायला अर्धं मिनिट लागलं असेल. तेवढा धीर मला धरवला नाही. आमचं पोर कुठे आहे ते समोर लिहिलंय आणि मी हातावर हात धरून बसू? मी पेन्सिल आडवी धरली आणि घासली.

काही उमटलं नाही. घासल्यावर दाबाची जागा निदान पांढरी तरी राहायला हवी ना? सगळा कागद नुसता करडा झाला. वरची ओळसुद्धा गेली. सरांनी टॉर्च लावला, भिंग लावलं. "इथे काहीच नव्हतं," म्हणाले. कयल रडवेली होऊन सांगत होती, सर, मी पाहिलंय, प्रॉमिस. सरांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

मी तशीच दुकानात गेले. तिथली बाकीची पॅडं सगळी सीलबंद. "कारखान्यातून अशीच येतात, अम्मा," दुकानदार म्हणाला. ओंकारचा फोटो दाखवला, त्याने मान हलवली. मनाचे खेळ म्हणाल, तर कयलला देवनागरी वाचता येत नाही, ओंकारबद्दल तिला मी कधी सांगितलं नव्हतं. तरी तिने जे पाहिलं ते मला काढून दाखवलं – आडवी रेघ, पुढे बोटभर जास्त. ते बघून मी जिन्यात बसून रडले. माझ्याइतकी करंटी मीच.

आईला सांगणार नव्हते. पण "आईला सांग" असं लिहिलं होतं ना... पहिली ओळ तेवढी सांगितली. ती ढसाढसा रडली, मग उठून देवापुढे साखर ठेवली.

"एवढंच लिहिलं? कुठे आहे ते नाही लिहिलं?"

"नाही," मी म्हणाले.

"वेंधळा तो वेंधळाच!" आई डोळे पुसता पुसता हसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा हसली.

सीलबंद पॅडवर ती दीड ओळ कुठून आली, मला आजही माहीत नाही. कुणाला काही सुचत असेल तर कृपा करून सांगा. आई मात्र रोज सकाळी भात लावताना त्याच्यावर चिडते – पत्ता कसा लिहीत नाही हा मुलगा! आणि मी तिथेच उभी राहून ऐकून घेते.